वाशीतील उद्योग पुरस्कार सोहळा : टेबल घेण्यापूर्वी

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात कारखाना चालवणाऱ्या बहुतेकांना पुरस्कारासाठी आपला विचार होत असल्याचे कळवणारा एखादा ईमेल केव्हा ना केव्हा येतोच, आणि त्यासोबत अर्जाचा नमुना व शुल्काचा तक्ताही असतो. रबाळे एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने यंदा असा अर्ज भरला. अंतिम यादीत नाव आल्यावर वाशीतील एका तारांकित हॉटेलात झालेल्या समारंभाला आम्ही पाच-सहा जण उपस्थित राहिलो. आयोजन एका खासगी कंपनीचे होते. अशा समारंभाला पहिल्यांदाच जाणाऱ्या लहान उद्योजकाला पैसे कशाचे पडतात आणि हाती काय येते याचा अंदाज यावा, एवढाच या अभिप्रायाचा हेतू आहे.

अर्जाचे शुल्क जड नव्हते. खरा खर्च टेबलाचा होता. दहा खुर्च्यांच्या एका गोल टेबलाचा दर आमच्याकडील कुशल कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून बराच अधिक होता आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा होता. सुट्या प्रवेशिका मिळतात, ही गोष्ट माहितीपत्रकात नव्हती. दूरध्वनीवर स्पष्ट विचारल्यावर ती सांगण्यात आली. बिल कोणत्या सेवेच्या नावाने निघणार आहे, हे आपल्या लेखापालाकडून आधीच तपासून घ्यावे, कारण खानपानावर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, सर्वसाधारणपणे मिळत नाही. विजेत्यांना ‘प्रसिद्धी संच’ म्हणून चित्रफीत, स्मरणिकेतील पान आणि समाजमाध्यमांवरील जाहिरात असे काही वेगळ्या दराने देऊ केले जाते. आम्ही ते घेतले नाही, आणि त्यामुळे निकालावर काही परिणाम झाल्याचे दिसले नाही, हे आयोजकांच्या बाजूने नमूद करायला हवे.

निमंत्रणपत्रिकेवर साडेपाचची वेळ होती, पण दीपप्रज्वलन सात वाजून गेल्यावर झाले, कारण प्रमुख पाहुणे मुंबईहून यायचे होते आणि संध्याकाळी खाडीपुलावरची वाहतूक कोणाच्या मानमरातबाकडे पाहत नाही. तरीही वेळेवर पोहोचावे, असेच मी म्हणेन. नोंदणीचा कक्ष, चहा-बिस्किटे आणि प्रायोजकांच्या स्टँडी यांच्यामध्ये गेलेला तो दीड तास संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत उपयोगी भाग ठरला. हीट ट्रीटमेंटसाठी, म्हणजे सुटे भाग तापवून कठीण करून घेण्यासाठी, आम्ही माल पुण्याजवळच्या भोसरीला पाठवत होतो. तेच काम आमच्याच पट्ट्यातील पवण्यात करणारे गृहस्थ चहाच्या रांगेत आमच्या पुढे उभे होते. एका बँकेचे लघुउद्योग विभागाचे अधिकारीही तेथे होते, आणि शाखेत ज्या प्रश्नावर आठवडाभर थांबावे लागते त्याचे उत्तर त्यांनी उभ्या उभ्या दिले. गळ्यातील ओळखपत्रावर व्यक्तीचे नाव मोठे आणि कंपनीचे नाव बारीक अक्षरांत होते. ते उलट असते तर अधिक सोयीचे झाले असते.

व्यासपीठावरील भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फेटे, तुतारी, प्रायोजकांची भाषणे, मग नावांची यादी. पुरस्कारांची संख्या इतकी मोठी होती की उत्तरार्धात पुरस्कार न मिळालेला मनुष्य सभागृहात शोधावा लागला असता. विजेत्यांना गटाने वर बोलावतात, सन्मानचिन्ह हातात येते, छायाचित्र निघते आणि निवेदिका पुढील नाव पुकारते. मनोगताला वाव नसतो, त्यामुळे भाषण लिहून नेण्याचा त्रास घेऊ नये. आपल्या कंपनीचा उच्चार मात्र निवेदिकेला आधी सांगून ठेवावा. छायाचित्रे आठवड्याभरात विनामूल्य मिळाली आणि ती चांगली होती.

भोजन शेवटच्या पुरस्कारानंतरच सुरू झाले. जेवण रुचकर होते, जैन पदार्थांची वेगळी मांडणी होती, पण तोवर ठाणे आणि पनवेलकडे परतणारे अनेक जण गाडी गाठण्यासाठी निघून गेले होते, आणि ज्यांना भेटायचे म्हणून टेबल घेतले त्यांपैकी निम्म्यांशी बोलणे राहून गेले. ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात होणाऱ्या अशा कार्यक्रमांत रांगेतील खुर्च्यांवर बसावे लागते आणि टेबलावरच्या गप्पा होत नाहीत, हे खरे. परंतु तेथे नाट्यगृहाची पुढची वेळ ठरलेली असल्याने कार्यक्रम आटोपशीर ठेवावा लागतो. गोल टेबलांच्या सभागृहाला ही शिस्त कोणी लावत नाही.

माझा मुख्य आक्षेप परीक्षणाविषयी आहे. परीक्षक मंडळाची नावे स्मरणिकेत होती, पण कारखान्यात कोणी आले नाही आणि गुण कसे दिले ते कळले नाही. लघुउद्योगाचा गट सरकारी व्याख्येनुसार ठेवलेला होता. 1 एप्रिल 2025 पासून त्या व्याख्येत 100 कोटी रुपयांपर्यंतची उलाढाल बसते, तर सूक्ष्म उद्योगाची मर्यादा 10 कोटींवर संपते; म्हणजे बारा कोटींचा कारखाना आणि नव्वद कोटींची कंपनी एकाच गटात मोजली जाते. नोंदणी आणि कर्जासाठी ती व्याख्या ठीक आहे, पण कामाच्या दर्जाची तुलना करण्यासाठी उलाढालीचे आणखी टप्पे पाडायला हवेत. याउलट मुंबईतील आयएमसी चेंबर या व्यापार-उद्योग संघटनेचा 1996 मध्ये सुरू झालेला रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार अमेरिकेतील बाल्ड्रिज या राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्काराच्या निकषांवर बेतलेला आहे. त्यात परीक्षक प्रत्यक्ष पाहणी करतात आणि अर्जदाराला आपली बलस्थाने व उणिवा सांगणारा अहवाल मिळतो. सन्मानचिन्ह मिळो वा न मिळो, तो अहवाल कामाला येतो. त्या अर्जाची तयारी अर्थातच कित्येक महिन्यांची असते आणि प्रत्येक लहान कारखान्याला ती झेपणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत सूक्ष्म व लघुउद्योजकांना दिले जाणारे जिल्हास्तरीय पुरस्कारही आहेत. तेथे गोल टेबले नसतात, पण सरकारी निविदेच्या कागदपत्रांत जोडायला ते अधिक वजनदार वाटतात, असे माझे मत आहे.

आम्हाला आमच्या गटातील दुसरा पुरस्कार मिळाला. सन्मानचिन्हाच्या पट्टीवर कंपनीच्या नावातील एक अक्षर चुकले होते; आयोजकांनी विनाविलंब नवी पट्टी पाठवली, यात हयगय केली नाही. ग्राहकांना पाठवायच्या दरपत्रकावर पुरस्काराचा उल्लेख छापावा की नाही, यावर कारखान्यात दोन मते आहेत. माझ्या भागीदारांना तो हवा आहे, तर ग्राहकाने निकष विचारले तर दाखवायला आपल्याकडे काय आहे, असा माझा प्रश्न आहे.

ओळखी वाढवण्यासाठी म्हणून पाहिले तर दोन सुट्या प्रवेशिकांचा खर्च वसूल होतो. पूर्ण टेबलाचा होत नाही, निदान आमच्या आकाराच्या कारखान्याचा तरी नाही. पुढील वर्षाच्या अर्जाचे स्मरणपत्र आताच आले आहे. गटातील स्पर्धकांची संख्या आणि आम्हाला मिळालेले गुण लेखी कळवावेत, अशी विनंती आम्ही उलट टपाली केली असून, त्याचे उत्तर येईपर्यंत शुल्क भरायचे नाही, एवढ्यावर मात्र दोन्ही भागीदारांचे एकमत झाले आहे.