टचलेस कार वॉश: ओरखडे टळतात, पण पाणी आणि रसायनही पाहावे

पुण्यातील बाणेर-बालेवाडी परिसरातील एका टचलेस ऑटोमॅटिक कार वॉश केंद्रात मी बऱ्याच महिन्यांपासून गाडी धुऊन घेत आहे. गाडीचा रंग गडद निळा असल्यामुळे तिच्यावरचा बारीकसा डाग किंवा ओरखडाही उन्हात लगेच दिसतो आणि म्हणूनच या सेवेची पारख करायला ती सोयीची ठरली. ब्रश किंवा कापड गाडीला लागतच नाही, त्यामुळे गाडी पूर्णपणे सुरक्षित राहते, असा अशा केंद्रांचा दावा असतो. ब्रश लागत नाही हे खरे आहे. परंतु सुरक्षिततेचा निर्णय धुण्याचे रसायन, शेवटचे पाणी आणि बाहेर पडल्यावर गाडीवर फिरणारे कापड यांवर होतो, असे माझे मत झाले आहे.

गाडी आत नेऊन ठरलेल्या जागी उभी केली की यंत्राचा हात तिच्याभोवती फिरू लागतो. आधी खालच्या बाजूने पाण्याचा मारा होतो, मग मळ सैल करणारे रसायन फवारले जाते, ते थोडा वेळ मुरू दिले जाते आणि त्यानंतर उच्च दाबाच्या पाण्याने सगळे धुऊन काढले जाते. पुढे फोम, पातळ वॅक्स, शेवटचे पाणी आणि हवेचा झोत. साध्या पॅकेजला हे सारे दहाएक मिनिटांत उरकते.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतो. पुण्याच्या रस्त्यांवरील धुळीत बांधकामाची रेती आणि बेसाल्ट खडकाची भुकटी मोठ्या प्रमाणात असते आणि हे कण त्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. सोसायट्यांमध्ये रोज पहाटे एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा हेच कण रंगावर घासले जातात आणि वर्ष-दीड वर्षात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा उमटतात. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला पाणीही मोजकेच मिळते आणि वेळही. जुन्या पद्धतीच्या ब्रशच्या यंत्रातही, आधीच्या गाडीचा चिखल ब्रशमध्ये राहिलेला असला, तर असेच होते. या दोन्हींच्या तुलनेत टचलेस पद्धत निःसंशय सरस आहे. रोजचे पुसणे बंद केल्यापासून माझ्या गाडीवर नव्या रेषा पडलेल्या नाहीत.

मात्र घासणे वगळले की मळ काढण्याचे जवळपास सगळे काम रसायनाला करावे लागते आणि म्हणून ते तीव्र असावे लागते. केंद्रातील कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन मी पहिल्या फवारणीनंतर बंपरवरून ओघळणाऱ्या द्रवात पीएच तपासणीची पट्टी बुडवली, तेव्हा रंग ११ ते १२ च्या दरम्यान आला. हाताने धुण्यासाठी वापरले जाणारे चांगले शाम्पू ७ च्या आसपासचे असतात आणि या मोजणीत प्रत्येक अंक दहा पटींचा फरक दाखवतो, हे लक्षात घेतले तर ही तीव्रता कळते. असे अल्कधर्मी द्रावण एक-दोन मिनिटे राहून पूर्ण धुतले गेले, तर कंपनीतून आलेल्या सुस्थितीतील रंगाला सहसा धक्का लागत नाही. मेणाचा थर मात्र काही धुण्यांतच निघून जातो, आणि लेप नसलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढुरके डाग पडू शकतात. सिरॅमिक कोटिंग त्यापेक्षा बरेच टिकते. खरा धोका रसायन रंगावर वाळण्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हातून आणलेली गाडी, जिचे बॉनेट हात ठेववणार नाही इतके तापलेले असते, ती थेट आत नेऊ नये. सावलीत थोडी निवू द्यावी किंवा सकाळीच जावे.

पाण्याचा प्रश्न मला रसायनाहूनही महत्त्वाचा वाटतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून शहराला मिळणारे पाणी तुलनेने मृदू असते, पण पश्चिमेकडच्या उपनगरांत अनेक ठिकाणी बोअरवेल आणि टँकरवर भिस्त असते, आणि या भागातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. घरच्या आरओसाठी ठेवलेल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) मीटरने मी केंद्रातील शेवटच्या धुण्याचे पाणी तपासले, तेव्हा आकडा ६०० च्या पुढे गेला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने स्वीकारार्ह धरलेली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. टीडीएस म्हणजे पाण्याचा कठीणपणा नव्हे, तरी अंदाज येतो. आणि त्या दिवशी बॉनेटवर वाळलेल्या थेंबांची पांढरी वर्तुळे पाहून तो अंदाज पक्का झाला. ताजी वर्तुळे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, पण लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे लागते. उन्हात भाजून रंगात उतरलेली वर्तुळे पॉलिशशिवाय जात नाहीत, आणि प्रत्येक पॉलिश म्हणजे तो बारीक थर आणखी झिजणे. व्यवस्थापकांना विचारल्यावर कळले की आरओचे पाणी फक्त सर्वांत महागड्या पॅकेजमध्ये दिले जाते. गडद रंगाच्या गाडीसाठी तेवढे पैसे जरूर द्यावेत. खरे तर शेवटचे शुद्ध पाणी प्रत्येक पॅकेजमध्येच असायला हवे, आणि ही सूचना मी त्यांच्याकडे लेखी दिली आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. सुटी धूळ आणि चिखल चांगला निघतो, पण रस्त्यावरच्या धुराचा व तेलाचा चिकट थर दारांच्या खालच्या भागावर आणि डिकीच्या दारावर राहतो. ओले बोट फिरवले की तो दिसतो. एक्स्प्रेसवेवरून आल्यावर बंपरवर चिकटलेले किडेही पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी महिन्या-दीड महिन्याने दोन बादल्या आणि स्वच्छ मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) घेऊन गाडी हाताने धुवावीच लागते. उलट कोकणातून, विशेषतः समुद्रकिनाऱ्याजवळून परतल्यावर, गाडीच्या पोटाखालची रेती आणि खार धुऊन निघणे हा या यंत्राचा मोठा उपयोग आहे आणि तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये साधणे अवघड आहे.

ज्या गाडीचा एखादा भाग बाहेर पुन्हा रंगवलेला आहे, रंगाचे पापुद्रे निघत आहेत किंवा पीपीएफची, म्हणजे रंग जपण्यासाठी चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मची, कडा सुटलेली आहे, ती उच्च दाबाखाली नेऊ नये, कारण पाणी त्या कडेतून शिरून थर उचकटते. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगचे झाकण नीट लावलेले असले की अडचण नाही. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर मात्र आत जाण्यापूर्वी बंद करावेत.

सर्वांत खटकलेली गोष्ट यंत्राच्या बाहेरची आहे. हवेच्या झोताने गाडी पूर्ण कोरडी होत नाही, म्हणून दारातच एक मुलगा कापड घेऊन उभा असतो आणि आधीच्या गाडीवर फिरवलेले तेच कापड पुढच्या गाडीवर फिरवतो. वर सांगितलेला चिकट थर अजून रंगावर असतानाच हे घडते, त्यामुळे स्पर्श टाळण्यासाठी मोजलेले पैसे त्या एका मिनिटात वाया जातात. मी आता पैसे देतानाच गाडी पुसू नये असे सांगते, स्वतःचा धुतलेला मायक्रोफायबर टॉवेल बरोबर नेते आणि तो न घासता, फक्त टेकवून पाणी टिपून घेते.