सरकारी अनुदानाचं नाव, माळ्यावर फोम आणि गेलेले १२,३०० पौंड

इंग्लंडात जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी हे वाचावं. स्वतःचं हसं करून घ्यायची मला हौस नाही. पण ओळखीतल्या एका कुटुंबाकडे परवा तसलाच माणूस तसलंच मीटर घेऊन येऊन गेला, म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर लेस्टरचं, व्हिक्टोरियन काळातलं, रांगेतलं. भरीव विटांच्या भिंती, वर स्लेटचं छप्पर आणि हिवाळ्यात गॅसचं बिल उघडायची भीती. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका इन्सुलेशन कंपनीचा, म्हणजे घराची ऊब टिकवणारं आवरण बसवणाऱ्यांचा, फोन आला: सरकारी अनुदानात काम करून देतो. 'ग्रीन होम्स ग्रँट' ही योजना तेव्हा खरोखरच चालू होती. अशा कामाच्या खर्चाचे दोन तृतीयांश, जास्तीत जास्त ५,००० पौंड सरकार देत होतं. मी सरकारी संकेतस्थळावर वाचून खात्री केली, मगच त्या माणसाला घरी बोलावलं. "फोनवरच्या माणसाला घरात घेतलंसच कसं?" असं आता विचारणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मास्क लावलेला, बूट बाहेर काढून आत आलेला, अतिशय सभ्य मुलगा. माळ्यावर चढला, वाशात ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि आकडा दाखवला: २८ टक्के. "२० च्या वर गेलं की लाकूड कुजायला लागतं." हेही खरंच आहे. त्याने लपवलं एवढंच की थंडीतल्या सकाळी गार माळ्यावर वाशांवर दव धरतं आणि मीटर तेच मोजतं. आठवडाभराने, दुपारी, पुन्हा मोजून दाखव म्हणायला हवं होतं. कोणी मीटर घेऊन आलं तर तुम्ही म्हणा.

उपाय म्हणून छपराला आतून फवारायचा फोम. किंमत ६,९०० पौंड. बँकेतून थेट पाठवले तर ३०० कमी. म्हणजे ६,६०० आत्ता भरायचे, त्यातले ४,४०० सरकारकडून परत, आम्हाला पडणार २,२०० ला. तो जिन्यात असतानाच बायकोने मला मराठीत विचारलं, "पण आपण अर्ज कधी केला?"

हाच तो क्षण. रात्री-बेरात्री मला तेच वाक्य ऐकू येतं. अर्ज घरमालकानेच करायचा होता, व्हाउचर, म्हणजे अनुदान मंजूर झाल्याचा कागद, घरमालकाच्या नावाने निघायचं होतं आणि ते हातात येईपर्यंत काम सुरूच करायचं नव्हतं. हे सगळं मी वाचलेल्या त्याच पानावर होतं. आणि मी काय म्हणालो? "ते करणार आहेत, त्यांचं रोजचं काम आहे ते." वर तिला जरा गप्पही केलं. तो दारात उभा होता, मला ऑकवर्ड झालं होतं. चौदा दिवसांत करार रद्द करता येतो, तर ती वाट बंद करायला त्याने 'काम लगेच सुरू करा' अशा वेगळ्या कागदावर सही घेतली होती. तसला कागद पुढे आला की पेन खाली ठेवा.

मार्चच्या सुरुवातीला फोम मारून झाला. २७ मार्चला सरकारने जाहीर केलं की ३१ तारखेला योजना बंद. कंपनीला आयतं कारण मिळालं: "सरकारनेच गुंडाळली, आम्ही काय करणार?" ४,४०० तिथेच बुडाले. तरी घर थोडं उबदार झालंय, अशी मी मनाची समजूत घातली.

खरा फटका २०२४ मध्ये, घर विकायला काढलं तेव्हा. २,८५,००० पौंडांचा सौदा ठरला होता. खरेदीदाराच्या बँकेचा सर्व्हेअर माळ्यावर डोकावला आणि कर्ज नाकारलं गेलं. फोमने वासे झाकले की लाकूड शाबूत आहे की कुजलंय हे दिसतच नाही. अनेक बँका अशा घराला हात लावत नाहीत. त्यात स्लेटच्या फटींतून आणि वळचणीतून खेळणारा वारा बंद झाल्याने घरातली वाफ वर जाऊन वाशांतच मुरते. मी कोकणात कौलाखाली वाढलेला माणूस! छपराला वारा लागतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

लाकडाच्या तज्ज्ञाचा अहवाल ४२० पौंड. फोम खरवडून काढायला, दोन वाशांना जोड देण्यासकट, ५,२८०. आधीचे ६,६०० धरून बेरीज शीर्षकात आहे.

आता दाद मागण्याची कथा. स्थानिक ग्राहक-अधिकाऱ्यांना थेट फोन करता येत नाही. हेल्पलाइनवर सांगायचं, ते "पुढे कळवतात", पुढे काय झालं हे तुम्हाला कळवत नाहीत. फसवणूक नोंदवायच्या पोर्टलने गुन्ह्याचा क्रमांक दिला आणि नंतर तपासाला धागा नाही असं पत्र दिलं. धागा नाही? संचालकाचं नाव, पत्ता, बँक खातं, सगळं मीच जोडलं होतं! बँक म्हणाली, काम झालंय, तेव्हा हा तुमचा आणि ठेकेदाराचा दिवाणी वाद. आणि सरकारी खात्याने तर कमाल केली. त्यांनी व्हाउचर क्रमांक मागितला. व्हाउचर निघालंच नाही हीच तक्रार आहे, असं कळवलं. उत्तर आलं: व्हाउचर नसल्याने आपण योजनेचे लाभार्थी नाही, सबब आपली तक्रार योजनेच्या कक्षेत येत नाही. आणि नंतरच्या योजनांचं तरी काय? राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल सांगतो की त्यांच्याखाली भिंतींना बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठे दोष आहेत. सरकारी योजनेतलं काम म्हणजे तपासलेलं काम, हे डोक्यातून काढून टाका.

मला सगळ्यात जास्त झोंबतात ते ३०० पौंड. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याचं (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ होतं: १०० पौंडांवरच्या, ३०,००० पर्यंतच्या खरेदीला कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार. थेट खात्यात मागणारा सूट देतो ती याचसाठी. 'पंचवीस वर्षांची हमी' कंपनीचीच होती, विम्याची नव्हती; कंपनी बुडाली, हमीही बुडाली.

आणखी एक. घर विकायला काढल्यावर फोन आला: "तुमच्या माळ्यावर फोम आहे ना? तो धोकादायक आहे, आम्ही काढून देतो, ९,८०० पौंड, आज ठरवलं तर." आमची यादी विकली गेलीय, दुसरं काय. फोमवाल्याचा फोन आला असेल, तर फोम काढणाऱ्याचाही येणार.

तो संचालक कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर अजून दिसतो. जुनी कंपनी अवसायनात, नवी त्याच पत्त्यावर, नावात एक शब्द बदललेला. पत्रक तुमच्या दारात पडलं असेल तर मला खासगीत विचारा, नाव सांगतो. इथे जाहीर लिहिलं तर त्याचा वकील मात्र तातडीने उत्तर देईल.