झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: जुना घ्यावा की नवा?

"चालू करून पाहिलेला नाही" असं जाहिरातीत लिहिलेलं असलं, की तो स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर) बिघडलेला आहे असं धरूनच भाव करावा. टीव्ही आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर जोडून बघायला दोन मिनिटं लागतात. विकणाऱ्याने ते केलं नसेल असं सहसा होत नाही. फोटोत पडद्याच्या तळाशी "© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड" ही ओळ दिसली तरच पुढचं बोलणं.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने हे यंत्र २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणलं. १६ केबी रॅमचा, म्हणजे १६के, १२५ पौंडांना; ४८ केबी रॅमचा ४८के १७५ पौंडांना. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर आणि १६ केबी रॉम, म्हणजे कायमची मेमरी. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम विकला. तो कडक बटणांच्या स्पेक्ट्रम प्लसचा अवतार असल्याने पुढचं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

सर्वांत जास्त यंत्रं मरतात ती अडॅप्टरमुळे. याच्या पिनचं मधलं टोक ऋण आणि बाहेरचं कडं धन असतं, म्हणजे आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या नेमकं उलट. ड्रॉवरमधला राउटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसला, की खेळ खलास. नऊ व्होल्ट, दीड ते दोन अँपिअर, मधलं टोक ऋण, हे मल्टिमीटरने तपासूनच जोडा. इंग्लंडचा मूळ अडॅप्टर आपल्या विजेवर चालतो, फक्त चौकोनी पिनांसाठी कन्व्हर्टर लागतो.

चालू केल्यावर पडदा उभ्या पट्ट्यांनी भरून तसाच राहिला, तर संशय खालच्या १६ केबी रॅमवर. तिथल्या ४११६ चिपांना पाच व्होल्टबरोबर बारा आणि उणे पाच व्होल्टही लागतात, आणि ते बोर्डावरच टीआर४ या ट्रान्झिस्टरच्या आधाराने तयार होतात. टीआर४ गेला की उणे पाच जातो, आणि तो नसताना बारा पोचत राहिला तर चिपाही जातात. म्हणून आधी व्होल्टेज मोजा, मग चिपांना हात लावा. नुसत्या चिपा बदलल्या तर नव्याही जळतील. टीआर४ जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागचं एखादं जोडयंत्र चालू मशीनमधून उपसणं. जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र काही न विचारता बदलून टाकावेत.

चित्राचं आउटपुट यूएचएफ चॅनेल ३६ वर येतं. ॲनालॉग ट्यूनर नसलेल्या टीव्हीवर ते दिसणारच नाही. त्यासाठी मॉड्युलेटरच्या (चित्राचा टीव्ही चॅनेलसाठी सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) डबीत शिरणाऱ्या दोन्ही तारा सोडवायच्या, पाच व्होल्टच्या तारेला टेप गुंडाळायची, डबीच्या आत सॉकेटला जोडलेला रेझिस्टर तोडायचा आणि व्हिडिओची तार थेट सॉकेटच्या मधल्या टोकाला लावायची. अर्ध्या तासाचं काम.

कीबोर्डचा पडदा, म्हणजे बटणांखालचं पातळ मेम्ब्रेन, वयाने कडक होतो आणि त्याच्या पाच आणि आठ रेघांच्या दोन पट्ट्या बोर्डाजवळ तडकतात. एकाच ओळीतली बटणं चालत नसतील तर कारण हेच. नवे पडदे मिळतात. खालचे पाच स्क्रू काढल्यावर वरचा भाग झटक्यात उचलू नका, पट्ट्या तिथेच फाटतात. वरचा धातूचा पत्रा गोंदाने चिकटवलेला असतो. हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोडवावा, नाहीतर कायमचा वाकतो.

प्रोग्राम कॅसेटवरून आवाजाच्या रूपात भरायचे असतात; कॅसेटऐवजी फोन चालतो. एमपी३ टाळा, वेव्ह फाइल वापरा, इक्वलायझर बंद ठेवा, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा. सुरुवातीला टीव्हीच्या पडद्याच्या किनारीवर लाल-निळसर पट्ट्या येतात, डेटा सुरू झाला की निळ्या-पिवळ्या. लाल-निळसर पट्ट्या समान रुंदीच्या नसतील तर आवाज चुकलाय, थांबून दुरुस्त करा. पूर्ण ४८के भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात, आणि "टेप लोडिंग एरर" शेवटच्या सेकंदालाही येऊ शकतो.

एवढा उपद्व्याप कशासाठी? बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी. इथे शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचे नसतात: पी दाबलं की प्रिंट, जे दाबलं की लोड. पहिले दोन दिवस चीड येते, नंतर बोटं आपोआप जातात. चुकीची ओळ यंत्र स्वीकारतच नाही, चूक असेल तिथे प्रश्नचिन्ह लुकलुकतं. शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. वेग मात्र रडका आहे. हजार फेऱ्यांचं रिकामं फॉर-नेक्स्ट (तेच काम पुन्हापुन्हा करणारी आज्ञा) सुद्धा चार-पाच सेकंद खातं.

प्रोग्रामसाठी साधारण ४१ हजार बाइट मिळतात. त्यात कंजूषपणा करण्याची मजा वेगळीच. ओळीत लिहिलेला शून्य सात बाइट घेतो, कारण अंकामागे सहा बाइटची लपलेली प्रत असते. "नॉट पाय" लिहिलं तर तेच काम दोन बाइटांत होतं. देवनागरी आणायची असेल तर स्वतः रेखाटता येणारी २१ चिन्हं पुरत नाहीत. २३६०६ आणि २३६०७ या पत्त्यांवरचा निर्देशक बदलून ९६ अक्षरांचा नवा साचा बसवावा लागतो, त्याला ७६८ बाइट लागतात. वरच्या ओळीत २५५ भरला की शिरोरेषा तयार, पण आठ बाय आठच्या चौकटीत उकार मावत नाही. त्याला खालची आणखी एक चौकट द्यावी लागते, आणि मग पडद्यावरच्या २४ ओळींच्या बाराच उरतात.

सोल्डरिंग जमत नसेल तर २०२४ साली रेट्रो गेम्सने काढलेला "द स्पेक्ट्रम" घ्या. रबरी बटणं तशीच, एचडीएमआय जोडणी, ४८ गेम आत, आणि बेसिकही आहे. कॅसेटचं सॉकेट आणि मागची जोडपट्टी मात्र नाही; प्रोग्राम यूएसबीवरून भरायचे. नुसतं बेसिक लिहायला तो पुरेसा आहे.

जुनाच घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी "प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३" टाइप करून पाहा. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के, ३२७६७ आलं तर समोर आहे तो १६के, किंवा वरची रॅम मेलेला ४८के. दोन्ही बाबतींत भाव खाली यायला हवा.