पोराचे पाय कडक झालेत: गोळी, बोटॉक्स की पंप?

मेंदूला मार बसल्यावर पोराचे पाय कडक होतात, टाच टेकत नाही, मांड्यांची कैची होते, आणि डॉक्टर एकदम दोन-तीन उपाय सांगतात. आधी एवढंच बघा, कडकपणा सगळ्या अंगात आहे का एखाद-दोन स्नायूंत, अर्धा निर्णय तिथेच होतो.

सगळ्या अंगात असेल तर बॅक्लोफेनची गोळी. स्वस्त पडते, पण ती पूर्ण शरीरावर काम करते ना भो, पोरगं पेंगतं, मान ढिली पडते, लाळ वाढते. काही पोरं तर कडक पायांच्याच जोरावर उभी राहतात, तो कडकपणा काढला की खाली बसतात, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. आणि गोळ्या संपल्या, बाजाराच्या दिवशी आणू, असं बिलकुल नको, अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात.

फक्त पिंढरी किंवा मनगट आखडलं असेल तर मी बोटॉक्सच्या बाजूने. ठरलेल्या स्नायूतच सुई, थोड्या दिवसांत फरक दिसतो, साधारण 3-4 महिने टिकतो, मग उतरतो. महाग आहे, आणि खरी गोष्ट अशी की सुई फक्त स्नायू सैल करते, पुढचं काम रोजचं स्ट्रेचिंग, स्प्लिंट (हात-पाय सरळ धरून ठेवणारा आधार), कधी प्लास्टर यांचंच. म्हणून कापूस वेचणीत घरचे सगळे शेतात असताना सुई घेऊ नका, पोराचे व्यायाम कोण घेणार? जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान पोरांच्या वाढीतल्या अडचणींवर उपचार करणारं सरकारी केंद्र) फिजिओची चौकशी करून ठेवा आणि मगच तारीख घ्या.

अजून एक, पोरगं गाढ झोपलं की गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच वर दाबा, जोर लावायचा नाही. सहज वर आलं तर कडकपणा औषधाने सैल होण्यासारखा आहे, नाहीच आलं तर स्नायू आखूड झाला असेल, तिथे नुसत्या बोटॉक्सने भागत नाही, प्लास्टर किंवा ऑपरेशनचं विचारा.

पंप म्हणजे पोटाच्या कातडीखाली बसवलेलं यंत्र, बॅक्लोफेन थेट मणक्यात सोडतं. गोळ्यांनी भागत नाही अशा खूप कडक पोरांसाठी. पण दर काही महिन्यांनी औषध भरायला मोठ्या शहरात जावंच लागतं, चुकलं तर जिवावर बेतू शकतं, नंदुरबारच्या पाड्यावरून ते जमेल का हे तुम्हीच ठरवा.

कडकपणा एकाएकी वाढला तर डोस वाढवण्याआधी बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन, कानदुखी बघा. आणि बोटॉक्सनंतर काही दिवसांनी जरी गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठा.