अनलिस्टेड शेअर्सची फेअर व्हॅल्यू : बाजारातला पट, डीसीएफ की नेट ॲसेट?

समजा, तुमच्या कंपनीचा एका अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीत ८ टक्के हिस्सा आहे. मार्च उलटला की ऑडिटर विचारणार, ३१ मार्चची फेअर व्हॅल्यू किती धरली? कंपनीला इंड एएस (भारतीय लेखा मानकं) लागू असेल, तर 'घेतली त्याच किमतीला ठेवली' हे उत्तर सहसा टिकत नाही. आणि अनलिस्टेड कंपनीलाही नेटवर्थ २५० कोटी किंवा त्याहून जास्त असलं की इंड एएस लागतो. उपकंपनी, सहयोगी कंपनी आणि संयुक्त उपक्रम यांतली गुंतवणूक सोडली, तर बाकीचे शेअर इंड एएस १०९ प्रमाणे फेअर व्हॅल्यूलाच दाखवायचे.

ती कशी काढायची, हे इंड एएस ११३ सांगतो. त्या दिवशी, नेहमीच्या रीतीने झालेल्या व्यवहारात, बाजारातल्या कुणाला विकलं असतं तर जी किंमत हातात आली असती, ती फेअर व्हॅल्यू. तुमचा विकायचा विचार आहे का, याच्याशी तिचा संबंध नाही. गरजेपोटी पडेल भावात केलेली विक्रीही धरायची नाही.

लिस्टेड शेअर असेल तर काम पाच मिनिटांचं : बाजारभाव गुणिले संख्या. आकडे बाजारात किती थेट दिसतात, त्यावरून ११३ तीन लेव्हल करतो; हा लेव्हल १. तुमच्याकडचा गठ्ठा मोठा आहे, विकायला काढला तर भाव पडेल, म्हणून काही टक्के वजा करू, असं इथे करता येत नाही. डॉलरचं फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट (पुढच्या तारखेचा दर आज ठरवणारा करार) लेव्हल २ मध्ये जातं, कारण त्याचे दर बाजारात दिसतात. खरी डोकेदुखी लेव्हल ३, जिथे महत्त्वाचा एखादा तरी आकडा आपल्यालाच ठरवावा लागतो. अनलिस्टेड शेअर बहुतेक वेळा इथेच येतात.

पहिला मार्ग बाजाराचा. त्याच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्या एबिट्डाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) किती पट भावाने चालतात, ते पाहायचं. उदाहरणापुरतं, कंपनीचा एबिट्डा १५ कोटी, पट १० आणि कर्ज ४० कोटी. म्हणजे शेअर्सची एकूण किंमत १५० वजा ४०, ११० कोटी आणि तुमचा हिस्सा ८.८ कोटी. हे शेअर सहज विकता येत नाहीत, म्हणून त्यातून काही टक्के कमी करायचे. भांडण होतं ते या टक्केवारीवर आणि कुठल्या कंपन्या तुलनेला घेतल्या यावर. तरीही मला हा मार्ग आवडतो, कारण वाद घालायला समोर दिसणारे आकडे असतात. पट १० ऐवजी ९ धरला तर ११० चे ९५ कोटी होतात, हे कुणालाही लगेच तपासता येतं.

नुकतीच गुंतवणुकीची एखादी फेरी झाली असेल तर तो भाव आधी पाहा. पण त्या फेरीत काय विकलं गेलं, तेही पाहा. नव्या गुंतवणूकदाराने सीसीपीएस (पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर) घेतले असतील आणि कंपनी विकली गेल्यास आधी त्याचे पैसे परत, अशी अट असेल, तर त्याचा भाव तुमच्या साध्या शेअरला जसाच्या तसा लावता येणार नाही. ही चूक फार सर्रास होते.

दुसरा मार्ग डीसीएफ, म्हणजे डिस्काउंटेड कॅश फ्लो. पुढच्या वर्षांत येणारी रोकड आजच्या किमतीत आणायची. तत्त्व म्हणून हा सगळ्यात पटणारा आहे, आणि वापरताना सगळ्यात जास्त वाकवला जाणाराही हाच. त्याच कंपनीत भागधारकांच्या वाट्याला पुढच्या वर्षी ७ कोटींची रोकड येईल, वाढ कायम ५ टक्के आणि डिस्काउंट रेट (पुढची रोकड आजच्या किमतीत आणायचा दर) १३ टक्के धरला, तर किंमत येते ८७.५ कोटी. आता दर १२ आणि वाढ ६ करा : सुमारे ११७ कोटी. दर १४ आणि वाढ ४ करा : ७० कोटी. दोन्ही आकडे एकेका टक्क्याने हलले, आणि तुमचा हिस्सा ५.६ कोटी की ९.३ कोटी हे त्यावर ठरलं. पाच-सात वर्षांचं सविस्तर प्रोजेक्शन केलं तरी बराचसा आकडा शेवटच्या टर्मिनल व्हॅल्यूतूनच, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या वर्षांच्या एकत्र किमतीतूनच, येतो.

एकदा मी एका गुंतवणुकीचे लागोपाठ तीन वर्षांचे डीसीएफ अहवाल शेजारी ठेवून वाचले. तिन्हीत विक्रीची मोठी उडी 'पुढच्या वर्षापासून' होती. प्रत्येक अहवाल सुटा वाचला तर गणित चोख होतं. तेव्हापासून मी मागच्या वर्षीचं प्रोजेक्शन आणि प्रत्यक्ष आकडे मागितल्याशिवाय नवा डीसीएफ हातात घेत नाही.

तिसरा मार्ग नेट ॲसेटचा, म्हणजे मालमत्ता वजा देणी. नुसती गुंतवणूक बाळगणाऱ्या किंवा जमीनजुमला असलेल्या कंपनीला तो चपखल बसतो. मात्र ताळेबंदातला आकडा उचलून भागत नाही. एमआयडीसीतला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा प्लॉट पुस्तकात अजून तीस वर्षांपूर्वीच्या किमतीला पडलेला असू शकतो. सॉफ्टवेअर कंपनीला हा मार्ग लावला तर खुर्च्या आणि लॅपटॉप मोजून होतील, धंदा राहूनच जाईल. बँकांचं गणित वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकांनी भाव उपलब्ध नसलेले शेअर ताज्या ताळेबंदावरच्या ब्रेक-अप व्हॅल्यूने (पुस्तकातली मालमत्ता वजा देणी) धरायचे, आणि ताळेबंद १८ महिन्यांहून जुना असेल तर अख्ख्या कंपनीला १ रुपया. बँकेसाठी ही सावधगिरी योग्यच आहे, पण ती तुमच्या कंपनीची फेअर व्हॅल्यू नव्हे. प्राप्तिकरासाठी काढलेला मूल्यांकन अहवालही तसाच इथे जोडू नका. त्याचा हेतू वेगळा, सूत्र वेगळं.

खरेदी किंमत धरायला मुभा आहे, पण अगदी थोडी : ताजी माहिती पुरेशी नाही, किंवा संभाव्य किमतींचा पल्ला फार मोठा आहे आणि खरेदी किंमत त्यातला सर्वांत योग्य अंदाज आहे. कंपनी ठरल्या बजेटच्या मागे पडली असेल तर ही सबब संपली.

देण्यांबद्दल एकच गोष्ट. फेअर व्हॅल्यूने दाखवायचं ठरवलेल्या कर्जात आपली स्वतःची पत घसरली की देणं कमी दिसतं, म्हणजे नफा झाल्यासारखं वाटतं. इंड एएस १०९ तो फरक सहसा नफा-तोट्यात येऊ देत नाही, ओसीआयमध्ये (नफा-तोट्याबाहेर दाखवायच्या इतर उत्पन्नात) पाठवतो. ते मला अगदी बरोबर वाटतं.

मग निवडायचं काय? नफ्यात असलेली, स्थिरावलेली कंपनी आणि तुलनेला चार-पाच लिस्टेड कंपन्या असतील, तर मी बाजाराचा पट मुख्य धरेन आणि डीसीएफने तो ताडून पाहीन. दोन्हींत मोठी तफावत आली तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. कुठला अंदाज फसला ते शोधावं. तुलनेला कुणीच नाही, पण रोकड नियमित येते, उदाहरणार्थ ठरलेल्या टोलवर चालणारा रस्ता, तिथे डीसीएफ. गुंतवणूक कंपनी असेल तर नेट ॲसेट, आतल्या प्रत्येक मालमत्तेची आजची किंमत लावून.

आणि ज्या दिवशी शेअर घेतले, त्या दिवसापासून सुरुवात करा. तुमचं मॉडेल त्या तारखेला चालवा. दिलेली किंमत रास्त होती आणि मॉडेल वेगळा आकडा दाखवतं, तर मॉडेल जुळवून घ्या आणि पुढच्या तारखांनाही तेच जुळवलेलं मॉडेल वापरा. लेव्हल ३ साठी ११३ तेच सांगतो. खरेदीच्या दिवसाची ती शीट फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. ऑडिटर तीच आधी मागेल.