गिअर नसलेली सायकल आणि नागपूरचं ऑफिस: तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

नागपुरात ऑफिसला जायला गिअरची सायकल लागत नाही. पण बिनगिअरची घ्यायची तर फ्रेमचा रंग नंतर बघा, आधी खाली वाकून मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दात मोजा. माझ्या अनुभवाचं सार एवढंच. बाकीचं ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

माझा रस्ता त्रिमूर्तीनगर ते सिव्हिल लाइन्स. माटे चौक, आठ रस्ता चौक, बजाजनगर, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक. एका बाजूने सात-आठ किलोमीटर, दर पाच मिनिटांनी एक सिग्नल आणि चढ म्हणावा असा चढ नाही. सायकल ७०० सी मापाच्या चाकाची, स्टीलच्या फ्रेमची, तेरा-चौदा किलोची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात आणि दिसायला भारी सायकली आतून जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो दातांनी.

गणित सोपं आहे. पायडलजवळच्या पुढच्या चक्राचे दात भागिले मागचे दात म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं तो आकडा. त्या चाकाचा एक वेढा साधारण २.१ मीटरचा. माझी सायकल दुकानातून आली तेव्हा पुढे ४४, मागे १६ होते. म्हणजे एका फेऱ्यात ५.८ मीटर. मोकळ्या रस्त्यावर पळवायला मजा येते, पण प्रत्येक सिग्नलला शून्यातून उठताना गुडघे बोलायला लागतात. पहिल्याच आठवड्यात मागे १८ दातांचं फ्रीव्हील बसवून घेतलं. आता एका फेऱ्यात ५.१ मीटर, आणि मिनिटाला सत्तर फेरे मारले तरी ताशी एकवीस-बावीसचा वेग मिळतो. शहरात त्याहून जास्त वेगाने जाऊन पुढच्या सिग्नललाच उभं राहायचं असतं. फ्रीव्हीलला दोन-तीनशे रुपये लागले. मागच्या चाकाचा एक्सल (आस) फ्रेमच्या आडव्या खाचेत बसतो, तो सहा-सात मिलिमीटर पुढे सरकला, चेन तीच चालली.

दूधवाल्यांच्या जुन्या डबलबार सायकली आठवून पाहा. त्यांच्या मागच्या चाकाला अठरा किंवा वीस दात असायचे, ते उगाच नव्हे. चाळीस लिटर दूध लादून उठवायची होती ना. नव्या देखण्या सायकलींना सोळा दात देणाऱ्यांनी लॉ कॉलेज चौकात संध्याकाळी सहाला एकदा उभं राहून पाहावं.

आता ही सायकल कुठे कमी पडते ते सांगतो. रविवारी फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढवली तर अर्ध्यात सीटवरून उठावं लागतं, आणि मागे सामान असेल तर मी सरळ उतरून ढकलतो. दुसरा त्रास समोरच्या वाऱ्याचा. जूनमध्ये पावसाआधी पश्चिमेकडून वारा सुटतो तेव्हा एक गिअर कमी करण्याची सोय हवी होती असं वाटतंच. तुमच्या वाटेवर रोज दोन उड्डाणपूल असतील, तर मागे २० दात लावा किंवा गिअरची घ्या. हट्ट करण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्याचंही स्पष्ट लिहितो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर निघालं तर निभतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की परतीच्या वेळीही डांबर तापलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी स्कूटर काढतो आणि त्याची लाजही बाळगत नाही.

टायर हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते दातांइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले, छान झाले, पण त्यांचे सांधे आणि कडेच्या गट्टूंशी असलेली पायरी बारीक टायरचा जीव घेते. २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर असलेल्या सायकलच्या वाटेला जाऊ नका. मी ३५ चे वापरतो आणि हवा ६० पीएसआयच्या आसपास ठेवतो. त्याआधी फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, हे दुकानातच बघा. ट्यूबचा वॉल्व मोटरसायकलसारखा जाड हवा. बारीक लांब वॉल्व असेल तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात जोडतो. जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पंक्चरला तर मागचं चाक काढावंच लागत नाही. आपले कारागीर चाक जागेवर ठेवून टायर एका बाजूने सोडवतात, ट्यूब बाहेर ओढतात आणि ठिगळ लावून मोकळे होतात. माझ्या नेहमीच्या पंक्चरवाल्याने पहिल्यांदा सायकल पाहून विचारलं, "गेअर इकून टाकले काय भाऊ?" आता तो काही विचारत नाही, कारण त्याला माझ्याकडून फारसा धंदा मिळत नाही.

पावसाळ्यात या सायकलचं खरं मोल कळतं. काळ्या मातीचा चिखल उडाला तरी गिअर अडकणं नाही, तार ताणणं नाही, ट्यूनिंग नाही. घरी आल्यावर फडक्याने चेन पुसायची, पातळ तेलाचे थेंब द्यायचे, संपलं. (गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल ओतू नका, धूळ धरून चेनची माती होते.) एकदा फ्रीव्हील रिकामं फिरायला लागलं. मिस्त्री म्हणाला, "कुत्ते फेल हो गए." कुत्ते म्हणजे फ्रीव्हीलच्या आतले दात पकडणारे खटके. आतली माती धुऊन तेल सोडल्यावर ठीक झालं. ब्रेक मात्र रिमवरचे आहेत, ओल्यात अर्धा क्षण उशिरा धरतात. त्यामुळे पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक हवेतच. काही सायकलींच्या मागच्या हबला एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला फिक्स चक्र असतं. ते फिक्स चक्र लावलं की चाकाबरोबर पायडल फिरतच राहतात. आपल्या ट्रॅफिकमध्ये गाय आडवी आल्यावर तो प्रयोग नको.

कंपनीवर माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीसाठी. ऑफिसला जाणाऱ्यांची सायकल म्हणून विकली, पण मडगार्ड नाही, स्टँड नाही आणि कॅरिअर लावायला फ्रेमला भोकंसुद्धा नाहीत. कॅरिअर क्लॅम्पने आवळून बसवलं, ते महिन्या-दोन महिन्यांनी सैल होतं. डबा आणि लॅपटॉप पाठीवर घेतला तर शर्टाची पाठ भिजते, म्हणून कॅरिअर लागतंच. घेताना मागच्या एक्सलजवळ स्क्रूची भोकं आहेत ना, तेवढं बोट लावून पाहा.

देखभालीत दोनच कामं. चेन मधोमध अर्ध्या इंचापेक्षा जास्त वरखाली हलायला लागली की मागचे नट सैल करून चाक किंचित मागे ओढायचं. यासाठी १५ नंबरचा पाना बॅगेत ठेवा. दुसरं म्हणजे चेनचं माप. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्या तीन मिलिमीटरने लांब झाल्या असतील तर चेन आणि फ्रीव्हील जोडीनेच बदला. जुन्या दातांवर नवी चेन घसरते.