मोडी कागदांचं गाठोडं: घरी, मंडळात की पुराभिलेखागारात?

वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून एक गाठोडं उतरतं. सनदा, वाटणीपत्रं, जमाखर्चाच्या वह्या, कुणा आजोबांनी बोरूने मांडलेली वंशावळ. वाचता येत नाही आणि टाकवतही नाही.

घरी काय ठेवायचं ते आधी बाजूला काढा, कारण तिथे निवडीला वावच नाही. जातपडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा विचारतात. शाळेचे जुने दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे उतारे, जमिनीची खरेदीखतं यांच्या मूळ प्रती कुणालाही देऊ नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणकारांकडे रीघ लागली ती उगाच नाही.

बाकीच्या कागदांना मात्र घर मानवत नाही. कसर, वाळवी, पावसाळ्यातली ओल. जुना हातकागद चिवट असतो. विसाव्या शतकातला गिरणीचा कागदच आधी पिवळा पडून तुटतो. काजळीची शाई उजेडाने उडत नाही, पाण्याने फिसकटते, म्हणून ओलं फडकं फिरवू नका. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर नकोच.

मग इतिहास संशोधन मंडळ की सरकार? पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या कागदांच्या सरकारी संग्रहात, पेशवे दप्तर (पेशव्यांच्या कारभाराचे कागद) आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचेच ४५ खंड झाले. त्या सागरात तुमच्या पणजोबांची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) कोण उघडणार? इनाम, वतन, सरंजाम (सरकारने दिलेल्या जमिनी आणि हक्क) यांचे कागद असतील तर तिथल्या दप्तराशी ताडून पाहता येतात, तेव्हा तिथे जरूर विचारा. एरवी माझं मत मंडळाकडे झुकतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं; धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर उभं राहिलं. खानदेशातले कागद असतील तर मी धुळ्यालाच देईन. गावांची, देशमुख-कुळकर्ण्यांची नावं ओळखणारी माणसं तिथे भेटण्याची शक्यता जास्त. अडचण अशी, की संस्थांकडे पैसा आणि माणसं कमी, यादी व्हायला वर्षं लागू शकतात. म्हणून देताना देणगीपत्र करा, पोच घ्या, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) घराण्याच्या नावाने वेगळा राहील का ते लेखी विचारा. आणि कागद आपल्या मनाने तारीखवार लावू नका. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात होता, यावरूनही अभ्यासकाला पुष्कळ कळतं.

स्कॅन मात्र तिन्ही ठिकाणी हवंच. रंगीत, किमान ३०० डीपीआय, पाठीसकट. शेरे आणि शिक्के पुष्कळदा पाठीवरच असतात. प्रती दोन गावांत ठेवा. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या घरांचं काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको.

वंशावळीचा निर्णय निराळा. ती घरातही हवी आणि मंडळातही, पण जुनी जशीच्या तशी, नवी भर वेगळ्या कागदावर. जुन्या वंशावळीत बहुधा मुलगेच असतात. लेकी-सुनांची नावं पत्रांतून, लग्नाच्या खर्चाच्या यादीतून काढावी लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज येऊन गेल्याच्या नोंदी मिळतात, त्यांच्याशी पिढ्या ताडून घ्या. मंडळाला द्यायच्या प्रतीतून हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते तेवढे गाळा.